लेक वर्गाची सीआर (वर्ग प्रतिनिधी) झाली आहे. या कामाचा अर्थ काय आणि ते कितपत अंगावर घ्यावं?

मोगरा_मुलुंड

नमस्कार मंडळी,

माझी लेक एस.वाय.बी.एस्सी.ला आहे. मुंबई विद्यापीठाशी संलग्न कॉलेज, सेंट्रल लाइनवरच. वर्ग सुरू झाले आणि पहिल्याच आठवड्यात ती सीआर झाली. निवडणूक नाही, अर्ज नाही. मॅडमनी विचारलं, "कोण होतंय?" मागून दोघी-तिघींनी तिचं नाव घेतलं आणि झालं.

तेव्हापासून आमच्याकडे चहाच्या आधी तिचा फोन वाजायला लागतो. "पहिलं लेक्चर आहे का गं?" "जर्नलला तपकिरी कव्हरच लागतं का?" "गाड्या लेट आहेत, मॅडमना सांगशील?" मध्यंतरी ऑफिसने सगळ्यांचे एबीसी आयडी (विद्यार्थ्यांच्या क्रेडिटच्या खात्याचे नंबर) एका एक्सेल शीटमध्ये भरून मागितले. ज्यांनी डिजिलॉकर कधी उघडलंच नव्हतं त्यांना ही फोनवरून एकेक पायरी सांगत बसली. अख्खा रविवार त्यात गेला.

ह्यांचं म्हणणं, ही कारकुनी आहे, सोड आणि अभ्यासाला लाग. सासऱ्यांचं म्हणणं, चार माणसांची कामं करायची सवय याच वयात लागते, करू दे. लेक म्हणते, "मला आवडतंय. पण मी मॅडमची माणूस की वर्गाची, तेच कळत नाही."

तेच मला तुम्हाला विचारायचं आहे. सीआरचं खरं काम काय? त्याला काही नियम, काही अधिकार आहेत का? ज्यांनी हे केलंय त्यांनी आणि शिक्षक मंडळींनीही सांगा.

बंड्या_विक्रोळी

लेकीचं अभिनंदन! सीआरला पहिलं लेक्चर कधीच बुडवता येत नाही. ते आहे की नाही हे बाकीच्यांना कळवायला ती तिथे हवीच ना :)

चुनाभट्टीचा_सुहास

मोगराताई, मी इंजिनिअरिंगला सेकंड आणि थर्ड इयरला सीआर होतो. निरोप पोचवणं हा कामाचा दिसणारा भाग. खरं काम वर्गाचं म्हणणं गोळा करून ते ऐकण्याजोगं करून वर नेणं.

एक उदाहरण देतो. युनिट टेस्टचं वेळापत्रक लागलं आणि दोन पेपर गणपतीच्या आदल्या दोन दिवसांत आले. आमच्या वर्गात रत्नागिरी-सिंधुदुर्गातली बरीच मुलं. कोकण रेल्वेची तिकिटं त्यांनी काढून ठेवलेली, आणि ती पुन्हा मिळत नाहीत हे इथे कोणाला सांगायला नको. ग्रुपवर नुसता आरडाओरडा. "एचओडींना (विभागप्रमुखांना) जाऊन सांग, टेस्ट पुढे ढकला." मी लगेच गेलो नाही. आधी विचारलं, गावाला नक्की कोण जातंय आणि कोणत्या तारखेचं तिकीट आहे? मग वहीच्या पानावर तीन पर्यायी तारखा लिहिल्या. त्या दिवशी दुसऱ्या वर्षाची प्रॅक्टिकल नाहीत ना, लॅब मोकळी आहे ना, हे लॅब असिस्टंटला विचारून घेतलं. गणपतीला गावी न जाणाऱ्यांनाही त्या तारखा चालतील का ते विचारलं, कारण तेही वर्गातच असतात. मग गेलो. एचओडींनी पान वाचलं, दुसऱ्या तारखेवर खूण केली आणि सही केली. बोलणं दोन मिनिटांचं झालं.

"मुलं म्हणतायत" असं मोघम सांगितलं की शिक्षक विचारणारच, कोण म्हणतंय, किती जण म्हणतायत. तुमच्या लेकीने पहिली सवय ही लावून घ्यावी.

खडू_आणि_फळा

मी शिकवते, त्यामुळे टेबलाच्या या बाजूने लिहिते. थोडं लांबेल.

आम्हाला सीआर हजेरीपट आणायला लागत नाही, तो शिपाईदादा आणतात. आम्हाला लागतं ते वेगळंच. सेमिस्टर जेमतेम पंधरा आठवड्यांचं. नॅकसाठी, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेसाठी, म्हणून जो फीडबॅक फॉर्म भरून घेतात, तो सेमिस्टर संपताना येतो. म्हणजे ज्यांनी तो भरला त्यांना त्याचा काडीचा उपयोग नाही. चौथ्या आठवड्यात कोणीतरी येऊन "मॅडम, दुसरं युनिट डोक्यावरून गेलं" म्हणालं तर मी ते पुन्हा घेऊ शकते. चौदाव्या आठवड्यात नाही.

एकदा आमच्या सीआरने येऊन सांगितलं, "तुम्ही फळा पुसता तेव्हा शेवटच्या तीन रांगा अजून मधल्या ओळीवर असतात." मला वाटत होतं मुलं लक्ष देत नाहीत. अडचण अशी होती की हॉलच्या त्या कोपऱ्यात खिडकीचा उजेड फळ्यावर पडायचा आणि उजवी बाजू दिसायचीच नाही. तेव्हापासून मी डावीकडून लिहिते आणि उजवा भाग आकृत्यांपुरता ठेवते. हे मला बारा फॉर्मनी सांगितलं नसतं.

आता नियमांचं. १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्यात आदल्या वर्षीच्या परीक्षेत चांगले गुण मिळवलेल्या विद्यार्थ्याला प्राचार्य वर्ग प्रतिनिधी म्हणून नेमत. २०१६ चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा १ मार्च २०१७ पासून लागू झाला. त्याच्या कलम ९९ प्रमाणे कॉलेजच्या विद्यार्थी परिषदेत अध्यक्ष, सचिव, एक महिला प्रतिनिधी, राखीव प्रवर्गांतून आळीपाळीने एक प्रतिनिधी आणि प्रत्येक वर्गातून निवडून आलेला एक विद्यार्थी असतो. एनएसएस, एनसीसी, खेळ आणि सांस्कृतिकचे प्रतिनिधी प्राचार्य नेमतात. म्हणजे कागदावर सीआर निवडून यायला हवा. २०१९ मध्ये निवडणुका जाहीर झाल्या होत्या. विधानसभेची निवडणूक आली म्हणून पुढे ढकलल्या आणि मग कोविड आला. मॅडमनी "कोण होतंय?" विचारायची पद्धत अशी टिकून राहिली.

गिरगावकर_नाना

कायद्यात काही असो, कॉलेजात निवडणुका नकोत असं माझं स्पष्ट मत आहे. ऐंशीच्या दशकात मी कॉलेजात होतो. मतदानाच्या आठवड्यात दारात बाहेरची माणसं उभी असायची, मुलांना टॅक्सीत घालून न्यायचे, एकमेकांचे उमेदवार पळवायचे. १९८९ मध्ये याच मुंबईत त्या राजकारणातून एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला. पुढे राज्यातल्या थेट निवडणुकाच बंद पडल्या, आणि आमच्यासारख्या पालकांना हायसं वाटलं.

वर्गात हुशार, नीट बोलणारं मूल शिक्षकांना माहीत असतं. त्यांनी नेमावं, त्याने काम करावं.

लोकल_कसारा

नाना, तुमच्या काळात जे झालं ते भयंकर होतं, त्यावर वाद नाही. पण वर्गातला एक जण वर्गाने निवडणं वेगळं आणि गुंडांनी कॉलेज ताब्यात घेणं वेगळं. त्यासाठीच, म्हणजे विद्यार्थी निवडणुकांचे नियम सुचवायला, लिंगडोह समिती नेमली होती. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्या शिफारशी लागू करायला सांगितल्या. उमेदवाराचा खर्च ५००० रुपयांपेक्षा जास्त नाही, छापील पोस्टर नाही, ७५ टक्के हजेरी हवी, बाहेरच्यांना मज्जाव, सगळी प्रक्रिया दहा दिवसांत संपवायची. वर्गाच्या सीआरला तर एवढंही लागत नाही. चिठ्ठ्या वाटा, डब्यात टाका, फळ्यावर मोजा.

"नीट बोलणारं मूल" म्हणालात तिथे मला बोलायचंय. शिक्षकांना माहीत असतं ते पहिल्या दोन बाकांवरचं, इंग्रजीत हात वर करणारं, कॉलेजपासून वीस मिनिटांवर राहणारं. मी मराठी माध्यमातून आलो. पहाटेची कसारा लोकल पकडून यायचो आणि शेवटचं लेक्चर सोडून पळायचो, कारण संध्याकाळी दुकानावर उभं राहायचं असायचं. वर्षभर मला कोणत्याही सरांनी नावाने ओळखलं नाही. इंटर्नलची तारीख बदलल्याचं एकदा चक्क परीक्षेनंतर कळलं. तेव्हा ग्रुप नव्हते, नोटीस बोर्ड होता, आणि त्यावर नोटीस लागायची तेव्हा मी गाडीत असायचो. माझ्यासारखे वर्गात पंधरा-वीस तरी होते. आमचं म्हणणं मांडायला आमच्यातलाच कोणी असता तर फरक पडला असता. वरून नेमलेला सीआर आपल्याला नेमणाऱ्याकडे बघतो, निवडलेला निवडणाऱ्यांकडे.

मोगराताई, लेकीला सांगा, ग्रुपवर जे बोलत नाहीत त्यांची यादी मनात ठेव.

बंड्या_विक्रोळी

पण विद्यापीठाच्या निवडणुका २०२४ मध्ये झाल्या ना? पेपरात मोठ्या बातम्या होत्या.

खडू_आणि_फळा

त्या सिनेटच्या, म्हणजे अधिसभेच्या. नोंदणीकृत पदवीधरांच्या १० जागांसाठी. त्यात शिकत असलेल्या विद्यार्थ्यांचं मतदान नसतं. ही गल्लत बरेच जण करतात.

नाईटचा_गणेश

आमच्याकडे रात्र महाविद्यालय. साडेसहाला वर्ग. कोणी कुरिअरवाला, कोणी मॉलमध्ये, मी हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये. सीआर कोण, तर ज्याची शिफ्ट सगळ्यात लवकर सुटते तो. त्याचं एकच काम आमच्यासाठी लाखमोलाचं होतं. ऑफिसची खिडकी आम्ही पोचायच्या आत बंद व्हायची. मग बोनाफाइड, परीक्षेचा फॉर्म, रेल्वे कन्सेशन, प्रत्येक गोष्टीसाठी अर्ध्या दिवसाची रजा, म्हणजे अर्ध्या दिवसाचा पगार. त्याने प्राचार्यांना सांगून आठवड्यातून दोन दिवस खिडकी सातपर्यंत उघडी ठेवून घेतली. आज तो कुठे आहे माहीत नाही, पण त्याचे उपकार आहेत.

सातरस्ता

कन्सेशनचा विषय निघालाच आहे तर, फर्स्ट क्लासचा पास काढणाऱ्या मुलांबद्दल वेगळा धागा काढा कोणीतरी. माझं रक्त आटतं.

बंड्या_विक्रोळी

सातरस्ता, काढा तुम्हीच. पहिला प्रतिसाद माझा.

ग्लासगोची_सई

मी दादरची, सध्या स्कॉटलंडमध्ये एमएस्सी करतेय. इथे प्रत्येक कोर्सला प्रतिनिधी असतो आणि मी या वर्षी आहे. इथली व्यवस्था जुनी आहे. १८८९ च्या कायद्यातच विद्यार्थी प्रतिनिधी परिषदेला स्थान दिलंय. विद्यार्थी प्रतिनिधींसाठी काम करणारी स्पार्क्स नावाची एक संस्था २००३ पासून आहे, प्रतिनिधींना प्रशिक्षण मिळतं. त्यात शिकवलेली एक गोष्ट मला फार पटली. सूचना करताना ती अचूक हवी, समतोल हवी, त्यातून काही सुधारता यायला हवं, आणि ती माणसावर घसरता कामा नये. "अमुक सर बोअर करतात" चालत नाही. "स्लाइड आदल्या दिवशी मिळाल्या तर तयारी करून येता येईल" चालतं.

सेमिस्टरमध्ये शिक्षक आणि प्रतिनिधींच्या ठरलेल्या बैठका होतात. इतिवृत्त लिहिलं जातं, प्रत्येक मुद्द्यापुढे ते कोणी करायचं ते नाव असतं, आणि पुढच्या बैठकीची सुरुवात "मागच्या वेळचं काय झालं" इथून होते. सगळं होतं असं नाही. पण नाही झालं तर का नाही, ते लेखी मिळतं.

सातरस्ता

सई, तुझ्या वर्गात तीसेक जण असतील. आमच्या कॉमर्सच्या एका तुकडीत शंभरावर मुलं, एकेका शिक्षकाला चार-पाच तुकड्या, त्यात निम्मे शिक्षक तासिका तत्त्वावर. बैठक घ्यायची कोणी आणि कधी? परदेशातलं इथे आणायला गेलं की नुसत्या फायली वाढतात.

ग्लासगोची_सई

सातरस्ता, मान्य, आकडा मोठा आहे. पण इतिवृत्ताला माणसं नाही लागत, एक वही लागते. आणि माझ्या मते तर शंभर मुलांच्या वर्गालाच प्रतिनिधीची जास्त गरज. तीस जणांत मी स्वतः सरांकडे जाऊ शकते.

चुनाभट्टीचा_सुहास

+१ वहीला. तारीख, काय सांगितलं, कोणाला सांगितलं, उत्तर काय आलं. एवढंच.

परळची_अ‍ॅडव्होकेट

अधिकारांबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते.

एक. यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०२३ चे विद्यार्थी तक्रार निवारण विनियम. प्रत्येक संस्थेत तक्रार निवारण समिती हवी आणि तिच्यात विद्यार्थी प्रतिनिधी विशेष निमंत्रित म्हणून हवा. समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. समाधान झालं नाही तर वर लोकपाल आहे. समितीत कोण आहे हे कॉलेजच्या वेबसाइटवर असायला हवं. सीआरने ते पान शोधून वर्गाला पाठवून ठेवावं.

दोन. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी जी अंतर्गत समिती असते तिच्यात, प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर, तीन विद्यार्थी सदस्य हवेत, आणि यूजीसीच्या २०१५ च्या विनियमांप्रमाणे ते निवडून यायला हवेत. अशी तक्रार सीआरकडे आली तर तिने स्वतः चौकशी करायला जाऊ नये, ग्रुपवर तर एक अक्षर टाकू नये. त्या मुलीला समितीपर्यंत सोबत करावी, बस.

तीन. कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षात, म्हणजे आयक्यूएसीत, विद्यार्थ्यांचा एक प्रतिनिधी असतो. तो कोण आहे हे बहुतेक वर्गांना ठाऊक नसतं. विचारा.

प्रॉक्सीमास्तर

सगळं ठीक, पण खरा प्रश्न मास बंकचा आहे. पूर्ण वर्गाने ठरवलं की लेक्चरला जायचं नाही, आणि सीआर एकटी जाऊन बसली, तर ती वर्गाची कसली?

गिरगावकर_नाना

ती शिकायला गेलेली मुलगी आहे. तिने जावं.

खडू_आणि_फळा

नानांशी सहमत, पण याची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची आहे. बंक झाला की काही शिक्षक सीआरला बोलावून विचारतात, "याची सुरुवात कोणी केली? नावं दे." हे आम्ही शिक्षकांनी विचारूच नये. ज्या दिवशी सीआर नावं देते त्या दिवशी वर्ग तिला खरं सांगणं बंद करतो, आणि मग मला चौथ्या आठवड्यात काहीही कळत नाही. हजेरी घेणं माझं काम आहे, डिफॉल्टर लिस्ट, म्हणजे कमी हजेरीवाल्यांची यादी, लावणं ऑफिसचं. तुमच्या लेकीला कोणी नावं विचारली तर तिने नम्रपणे म्हणावं, "मॅडम, वर्ग का आला नाही ते मी विचारून सांगते. कोणाचं नाव मात्र मी सांगणार नाही." जी शिक्षिका यावर रागावेल तिचाही राग चार दिवसांत जातो. वर्गाचा गेलेला विश्वास वर्षभर परत येत नाही.

मॅडमची माणूस की वर्गाची, या तिच्या प्रश्नाला माझं उत्तर सरळ आहे. वर्गाची. आणि ती वर्गाची राहिली तरच माझ्या उपयोगाची.

लोकल_कसारा

मॅडम, हे वाचून बरं वाटलं. असे शिक्षक आम्हाला मिळायला हवे होते.

डोंगरीचा_इम्रान

पैशांबद्दल सांगतो, कारण भांडणं तिथेच होतात. टीचर्स डे, फेअरवेल, इंडस्ट्रियल व्हिजिट, झेरॉक्सचे गठ्ठे, सगळ्याचे पैसे सीआरच्या यूपीआयवर येतात. पहिल्या दिवसापासून तीन गोष्टी करा. पैसे घेणारा आणि खर्च करणारा वेगळा ठेवा. दोघांनी मिळून रोज रात्री हिशोबाचं शीट ग्रुपवर टाका. आणि ज्याला देता येत नाहीत त्याचं नाव त्या शीटवर लाल करू नका. आमच्या सीआरने अशा दोघांचे पैसे कोणाला कळू न देता वर्गाच्या फंडातून भरले. त्यातला एक मी होतो.

सातरस्ता

इम्रानभाई __/\__

मोगरा_मुलुंड

सगळ्यांचे मनापासून आभार. लेकीने धागा पहिल्यापासून वाचला, ह्यांनीही वाचला. सुहासदादांचं वहीचं आणि खडू मॅडमचं "वर्गाची" हे तिला फार आवडलं. हिशोबाचं शीट तिने कालच मैत्रिणीच्या हवाली केलं.

आता तिचा पहिला खरा प्रश्न. केमिस्ट्री प्रॅक्टिकलच्या सी बॅचची वेळ शेवटची आहे, सुटायला पावणेसहा होतात. त्या बॅचमध्ये कर्जत-कसाऱ्याकडच्या सहा-सात मुली आहेत. ऐन गर्दीच्या गाडीत चढता येत नाही म्हणून त्या एक-दोन गाड्या सोडतात आणि घरी पोचायला रात्र होते. दोघींनी प्रॅक्टिकल अर्धवट सोडून जायला सुरुवात केलीये, रीडिंग मैत्रिणीच्या जर्नलमधून उतरवतात. बॅचेस आडनावाप्रमाणे लावल्यात. मॅडमना हे कसं सांगावं?

चुनाभट्टीचा_सुहास

लेखी द्या, एका पानात. रीडिंग उतरवतात ते मात्र लिहू नका, त्या मुली अडचणीत येतील.

खडू_आणि_फळा

सुहासचं बरोबर आहे. मी असेन तर मला असं पत्र चालेल:

"विभागप्रमुख, रसायनशास्त्र यांस. सी बॅचचं प्रॅक्टिकल ५.४५ ला संपतं. बॅचमधल्या काही विद्यार्थिनींना त्यानंतर घरी पोचायला रात्र होते. सोबत त्यांच्या स्टेशनांची आणि घरी पोचण्याच्या वेळांची यादी त्यांच्या संमतीने जोडली आहे. ए बॅचमधल्या काही विद्यार्थ्यांनी अदलाबदल करायची तयारी दाखवली आहे, त्यांची नावं व सह्या खाली आहेत. लॅबमधल्या जागा आणि साहित्य तेवढंच लागेल. बदल पुढच्या प्रयोगापासून करता आला तर जर्नलचे क्रमांकही बदलावे लागणार नाहीत."

अदलाबदल करणारे आधी शोधा. तयार तोडगा घेऊन आलेल्या मुलाला नाही म्हणणं आम्हाला फार जड जातं. प्रत ठेवा आणि पोच घ्या. लॅब असिस्टंटशी आधी बोला, बॅचची यादी प्रत्यक्षात तेच सांभाळतात.

लोकल_कसारा

एक भर घालतो. त्या सगळ्या मुलींना सरसकट ए बॅचमध्ये टाकू नका, प्रत्येकीला विचारा. ए बॅच सकाळी साडेसातची असेल तर कसाऱ्याहून निघायला पाचच्या आतली गाडी धरावी लागते, आणि स्टेशनपर्यंत त्या वेळी रिक्षा नसते. एखादीला बी बॅच बरी पडेल.

मोगरा_मुलुंड

ए बॅच साडेसातचीच आहे. आत्ता विचारलं तिला, म्हणाली हे डोक्यातच आलं नव्हतं. उद्या लेडीज डब्यात त्या भेटतातच, तेव्हा एकेकीशी बोलते म्हणाली. पत्र त्यानंतर.